मुंबई 'आंदण' दिली म्हणजे नक्की काय झालं? पोर्तुगालचं २८ वर्षांचं स्वातंत्र्ययुद्ध (१६४० ते १६६८)

गिरगावचा_पाऊस :

शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी ती एक ओळ वाचलीय, पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी झालं आणि मुंबई बेट आंदण म्हणून दिलं. बस्स, पुढचा धडा. मला ती ओळ लहानपणापासून खटकायची, म्हणजे एवढं चांगलं बंदर कोण असं लग्नात देऊन टाकतं, तेही प्रोटेस्टंट राजाला, आणि पोर्तुगीज तर धर्माच्या बाबतीत किती कडक ते आपण गोव्यात पाहिलंय. मग गेलं वर्षभर वेळ मिळेल तसं वाचत गेलो आणि कळलं की ही लग्नाची गोष्टच नाही, ही एका छोट्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट आहे आणि आपलं शहर त्या युद्धाच्या खर्चात गेलंय. त्यावर नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं. मोठं होईल, सांभाळून घ्या.

सुरुवात १५७८ पासून करावी लागेल. पोर्तुगालचा राजा सेबाश्तियांव, वय २४, लग्न नाही, मूल नाही, मोरोक्कोवर स्वारी करायला स्वतः गेला आणि ४ ऑगस्टला अल्कासेर-किबीरच्या लढाईत मारला गेला. त्याच्याबरोबर देशातली अर्धी सरदार घराणी मेली नाहीतर कैदेत गेली. गादीवर कोण, तर त्याचा म्हातारा चुलतआजोबा, कार्डिनल एन्रिक. धर्मगुरू, म्हणजे वारस होणार नाही. तो १५८० च्या जानेवारीत गेला आणि शेजारच्या स्पेनचा राजा दुसरा फिलिप म्हणाला की माझी आई पोर्तुगालची राजकन्या, गादी माझी. नुसता म्हणून थांबला नाही, ड्यूक ऑफ आल्बाला फौज देऊन पाठवलं, ऑगस्टमध्ये लिस्बनजवळ अल्कांताराला लढाई झाली आणि पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे गेलं. १५८१ ला तोमार गावी त्याने वचन दिलं की तुमचे कायदे, तुमची नाणी, तुमचे अधिकारी सगळं तुमचंच राहील, फक्त राजा आपला एक.

पहिली काही वर्षं वचन बऱ्यापैकी पाळलं गेलं. पण स्पेनचे शत्रू ते आता पोर्तुगालचे शत्रू झाले ना. डच लोक स्पेनविरुद्ध आधीच बंड करून उठलेले, ते आता हिंदी महासागरात पोर्तुगीज जहाजांवर तुटून पडले. १६२२ ला इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं होर्मुझचं ठाणं गेलं (ते इराणच्या शाहने इंग्रजांच्या मदतीने घेतलं), १६३० ला ब्राझीलमध्ये पेर्नांबुकू डचांनी घेतलं. आणि माद्रिदला राजाचा मंत्री ओलिव्हारेस, त्याने १६२६ मध्ये योजना काढली की प्रत्येक राज्याने साम्राज्यासाठी ठराविक सैनिक द्यायचे, पोर्तुगालच्या वाट्याला १६ हजार. वर नवे कर. १६३७ मध्ये एव्होरा शहरात लोक रस्त्यावर आले, दक्षिणेत बऱ्याच गावांत दंगे झाले.

१६४० च्या उन्हाळ्यात स्पेनच्या दुसऱ्या टोकाला कॅटलान लोकांनी बंड केलं आणि माद्रिदहून हुकूम आला की पोर्तुगीज सरदारांनी आपापली माणसं घेऊन कॅटलान बंड मोडायला यावं. म्हणजे परक्या राजासाठी जाऊन दुसऱ्या कुणाचं स्वातंत्र्य चिरडायचं. तिथे धागा तुटला.

१ डिसेंबर १६४०, शनिवार सकाळ. सुमारे चाळीस सरदार लिस्बनच्या राजवाड्यात घुसले. स्पेनचा हस्तक म्हणून लोक ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिडून होते तो सेक्रेटरी मिगेल द व्हाश्कोन्सेलुश कागदपत्रांच्या कपाटात लपलेला सापडला, त्याला मारून खिडकीतून खाली चौकात फेकलं. स्पेनच्या वतीने कारभार पाहणारी मांतुआची डचेस मार्गारेट होती, तिला ताब्यात घेतलं. काही तासांत शहर हातात आलं आणि ब्रागांझाचा ड्यूक जुआंव हा राजा चौथा जुआंव म्हणून जाहीर झाला. तो स्वतः तेव्हा तिथे नव्हताच, व्हिला व्हिसोझा या आपल्या गावी होता.

एका सकाळीत सत्ता आली. ती टिकवायला २८ वर्षं लागली, आणि मुंबई त्या २८ वर्षांत येते. पुढचं संध्याकाळी लिहितो.

शंकासूर_कोकणचा :

वाचतोय, लिहा लवकर. एक शंका, हे पोर्तुगालचं पहिलं स्वातंत्र्ययुद्ध का? कारण कुठेतरी तेराशे सालच्या आसपासचं काहीतरी वाचल्यासारखं वाटतंय.

तोफखाना :

@शंकासूर, बरोबर आठवतंय तुम्हाला, ते १३८५ चं. १४ ऑगस्ट १३८५, अल्जुबारोता. तेव्हाही राजा मुलगा नसताना गेला आणि शेजारच्या कास्तीयने (आजच्या स्पेनमधलं राज्य) गादी मागितली होती आणि तेव्हाही पोर्तुगीजांनी स्वतःचा राजा निवडून लढाई जिंकली, इंग्लिश तिरंदाज मदतीला होते. पुढच्या वर्षी १३८६ ला विंडसरचा तह, इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीचा. तो लक्षात ठेवा, कारण पावणेतीनशे वर्षांनी पोर्तुगाल त्याच दाराशी परत गेलं.

लेखकमहाशय, छान मांडलंत. लढायांचं तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

वसईची_लेक :

मला हे वाचून अंगावर काटा आला कारण आमच्या घरी आजी नेहमी म्हणायची की मुंबई दिली तशी वसई का नाही दिली, दिली असती तर आपण पण मुंबईकर असतो. लहानपणी आम्ही हसायचो. पण प्रश्न खराच आहे ना? त्या वेळी वसई तर किल्ल्याचं शहर, मुंबई म्हणजे माड आणि चिखल. कृपया त्यावर पण लिहा दादा.

गिरगावचा_पाऊस :

ताई, वसईचं येतंच आहे त्यात.

तर राजा झाला, पण त्याला राजा मानायला कोण तयार होतं? रोमच्या पोपने मान्यता दिली नाही, स्पेनच्या दबावामुळे. १६४८ ला वेस्टफालियाचा मोठा तह झाला, युरोपातले सगळे बसले, डचांना स्पेनकडून स्वातंत्र्य मिळालं, पोर्तुगालला काहीच नाही. घरातही फितुरी, १६४१ मध्ये ब्रागाचा आर्चबिशप आणि काही बड्या सरदारांनी नव्या राजाविरुद्ध कट केला, त्यातल्या सरदारांची लिस्बनच्या रोसियू चौकात डोकी उडवली. लोकसंख्या वीस लाखांच्या आतबाहेर, फौज मोडकळीला आलेली, आणि समोर जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य.

एक गोष्ट पथ्यावर पडली. स्पेन तेव्हा कॅटलान बंड, फ्रान्स, डच या सगळ्यांशी एकदम लढत होतं, म्हणून पहिली जवळजवळ वीस वर्षं पोर्तुगालच्या वाट्याला दुय्यम फौजा आल्या. सीमेवर गावं जाळायची, गुरं पळवायची, उभी पिकं तुडवायची, दोन्हीकडून हेच. १६४४ ला मोंतिजोला एक मोठी लढाई झाली आणि दोघांनीही आपणच जिंकलो असं जाहीर केलं. आलेंतेजू भागातल्या शेतकऱ्यांनी काय सोसलं असेल त्याला हिशोब नाही, एक पिढी जन्मली आणि वाढली ती याच धुमाळीत.

१६५६ ला चौथा जुआंव गेला. मुलगा आफोन्सू १३ वर्षांचा, लहानपणीच्या आजाराने शरीराने अधू. कारभार हातात घेतला राणी लुईझाने. ही लुईझा द गुझमान जन्माने स्पॅनिश, आंदालुसियातल्या मेदिना सिदोनियाच्या ड्यूकची मुलगी! माहेर शत्रूच्या देशात, आणि सासरच्या देशाचं स्वातंत्र्य टिकवलं तिने. मला या सगळ्या गोष्टीत तीच सगळ्यात मोठी वाटते.

आणि मग नोव्हेंबर १६५९. फ्रान्स आणि स्पेनने पिरेनीजचा तह केला, त्यात फ्रान्सने कबूल केलं की यापुढे पोर्तुगालला मदत नाही. आता स्पेन सगळ्या शत्रूंतून मोकळं झालं आणि सगळी ताकद एकट्या पोर्तुगालवर लावू शकत होतं. (आपल्याकडे त्याच महिन्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली. मला हे असं शेजारी ठेवून बघायला आवडतं.)

लुईझाकडे आता काय उरलं होतं? एक मुलगी, कातारिना. आणि समुद्रापलीकडची काही बंदरं. इंग्लंडमध्ये १६६० ला दुसरा चार्ल्स गादीवर परत आलेला, तिजोरी रिकामी. २३ जून १६६१ ला करार झाला. पोर्तुगालने द्यायचं ते असं, वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) रोख, आफ्रिकेचं टँजियर, मुंबईचं बंदर आणि बेट, आणि ब्राझील व पूर्वेकडच्या व्यापारात इंग्रजांना सवलती. इंग्लंडने द्यायचं ते म्हणजे सैनिक, दोन हजार पायदळ आणि हजार घोडेस्वार, आणि लढाऊ जहाजं. आणि गुप्त कलम असं की डचांपासून पोर्तुगालच्या पूर्वेकडच्या ठाण्यांचं रक्षण करायला मदत करायची.

म्हणजे मुंबई कातारिनाबरोबर सासरी नाही गेली, मुंबईच्या बदल्यात तीन हजार बंदुका आणि घोडे आलेंतेजूच्या मैदानात उतरले. रोख रकमेचं तर असं झालं की इंग्लिश जहाजं नवरी न्यायला आली तेव्हा लुईझाकडे पैसेच नव्हते, स्पेनच्या लढाईत खर्च झालेले, म्हणून साखर आणि मसाल्याची पोती जहाजात चढवली आणि बाकीच्याला हुंड्या लिहून दिल्या. लेकीच्या लग्नात आई पोती मोजून देतेय. मे १६६२ ला पोर्ट्समथला लग्न लागलं.

शेवग्याची_शेंग :

किती सुंदर लिहिताय. त्या कातारिनाचं पुढे काय झालं? इंग्लंडमध्ये चहा तिने नेला म्हणतात ते खरं का?

लिस्बनस्थ :

नमस्कार, मी गेली सहा वर्षं लिस्बनमध्ये नोकरीनिमित्त आहे, पहिल्यांदाच लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

@शेवग्याची शेंग ताई, चहा इंग्लंडात तिच्या आधी थोडाफार पोचला होता पण दरबारात आणि मोठ्या घरांत चहाची चाल पडली ती तिच्यामुळे असं मानतात. आयुष्य सोपं नव्हतं तिचं, मूल झालं नाही, कॅथलिक म्हणून लोक संशय घ्यायचे, नवऱ्याची प्रकरणं उघड. चार्ल्स गेल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये इथेच वारली, शेवटी भावाच्या वतीने राज्यकारभारही बघितला तिने.

इथे १ डिसेंबर ही सरकारी सुट्टी आहे. मधे मंदीच्या काळात सरकारने काही सुट्ट्या बंद केल्या त्यात ही पण गेली होती, लोकांना फार लागलं ते, २०१६ पासून परत सुरू झाली. शहराच्या मधोमध रेस्टाउरादोरेश नावाचा चौक आहे, म्हणजे ज्यांनी स्वातंत्र्य परत मिळवलं ते, उंच दगडी स्तंभ आहे आणि त्याच्यावर लढायांची नावं आणि तारखा कोरल्यात. मी रोज तिथून मेट्रो पकडायचो आणि पहिली दोन वर्षं ती नावं कधी वाचलीच नाहीत. जवळच रोसियूपाशी एक जुना वाडा आहे, त्याच्या बागेत ते चाळीस जण भेटायचे असं सांगतात.

इथल्या ऑफिसातल्या लोकांना मी एकदा सांगितलं की मी मुंबईचा, तर एक जण सहज म्हणाला, अच्छा म्हणजे ते आम्ही दिलेलं. वाईट हेतूने नाही म्हणाला. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हा हे सगळं माहीत असतं तर मी त्याला बसवून सांगितलं असतं की कशासाठी दिलंत.

अजून एक सांगायचं राहिलं. चौथ्या जुआंवने १६४६ मध्ये आपला मुकुट व्हिला व्हिसोझाच्या निष्कलंक मातेच्या (मेरीच्या) मूर्तीला वाहिला आणि तिला देशाची राणी म्हणून जाहीर केलं. त्यानंतर पोर्तुगालच्या एकाही राजाने डोक्यावर मुकुट घातला नाही, चित्रांत बघितलं तर मुकुट बाजूला उशीवर ठेवलेला दिसतो.

तोफखाना :

आता लढाया. लेखकमहाशयांनी बंदुकांपर्यंत आणून सोडलंय तर मी पुढे नेतो.

एल्वास, १४ जानेवारी १६५९. हा इंग्रज येण्याआधीचा प्रसंग. एल्वास म्हणजे सीमेवरचा सगळ्यात मोठा किल्ला, समोर स्पेनचं बादाजोस. दोन्ही मधे फक्त काही कोस. स्पेनच्या लुईस द आरोने शहराला वेढा घातला, आत रोगाची साथ पसरली, माणसं पटापट मरत होती. काउंट ऑफ कांतान्येदने इकडून तिकडून माणसं जमवली, त्यात सराईत सैनिक कमी आणि शेतकरी, मिलिशिया जास्त, आणि एश्त्रेमोशहून येऊन धुक्यातून वेढ्याच्या तटबंदीवर हल्ला चढवला. दुपारपर्यंत वेढा फुटला. माझ्या मते स्वातंत्र्य तिथे वाचलं, नंतरच्या लढायांनी त्यावर शिक्का मारला.

इंग्रज सैनिक आले १६६२ ला, त्यातले बरेच क्रॉमवेलच्या (चार्ल्सच्या बापाचं डोकं उडवणाऱ्यांचा पुढारी) जुन्या फौजेतले, म्हणजे चार्ल्सला पण ते देशाबाहेर गेलेले हवेच होते. त्यांच्यावर आणि एकूण परदेशी तुकड्यांवर सेनापती होता शोंबर्ग, जर्मन, प्रोटेस्टंट, फ्रान्सच्या नोकरीतला. फ्रान्सने उघड मदत न करण्याचं वचन दिलं होतं ना, मग गुपचूप हा माणूस पाठवला. त्याने पोर्तुगीज फौजेला तळ कसा ठोकायचा, कूच कशी करायची इथपासून शिकवलं, आणि तिथले सरदार त्याच्यावर चिडायचे की परका माणूस आम्हाला शिकवतो.

१६६३ च्या मे महिन्यात स्पेनच्या राजाचा अनौरस मुलगा डॉन हुआन एव्होरा शहर घेऊन बसला, लिस्बनमध्ये घबराट, दंगे. ८ जूनला आमेइशियालला गाठ पडली. स्पॅनिश टेकडीवर, वर तोफा. इंग्रज पायदळ गोळी न झाडता टेकडी चढून गेलं आणि अगदी जवळ गेल्यावर एकदम बार काढला. त्याच महिन्यात एव्होरा परत घेतलं. १६६४ च्या जुलैत उत्तरेला कास्तेलू रोद्रीगूची लढाई, तीही पोर्तुगालने जिंकली.

आणि शेवटची, १७ जून १६६५, मोंतिश क्लारुश. स्पेनच्या काराथेनाने वेढा कशाला घातला होता माहितीय? व्हिला व्हिसोझाला. म्हणजे ब्रागांझा घराण्याचं गाव, जिथून राजाला बोलावून आणलं होतं तेच. एल्वासचा तोच सेनापती, आता मार्क्विस ऑफ मारियाल्व्हा, आणि शोंबर्ग फौज घेऊन गावाकडे निघाले तेव्हा काराथेना मधेच आडवा आला, तासनतास लढाई चालली, स्पॅनिश घोडदळाने दोनदा-तीनदा पायदळाच्या रांगा फोडल्या आणि त्या परत जुळल्या. संध्याकाळी स्पेनची फौज फुटली, हजारो कैद. तीन महिन्यांनी चौथा फिलिप वारला, गादीवर चार वर्षांचंही न झालेलं आजारी पोर. मग १३ फेब्रुवारी १६६८ ला लिस्बनचा तह, स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. फक्त आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं सेउता स्पेनकडे राहिलं, ते आजही आहे.

आपल्याकडच्या लोकांसाठी, जून १६६५ म्हणजे पुरंदरच्या तहाचा महिना.

गिरगावचा_पाऊस :

तोफखाना, मनापासून आभार, एल्वासचं मला एवढं माहीत नव्हतं.

आता मुंबई आणि वसई. सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरो इंग्लिश जहाजं घेऊन मुंबईला आला, बरोबर सर अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास सैनिक घेऊन, आणि त्याच ताफ्यात पोर्तुगालचा नवा व्हाइसरॉय आंतोनियू द मेलु द कास्त्रू. इंग्रज म्हणाले करारात साष्टी, ठाणं हे सगळं मुंबईबरोबर येतं. व्हाइसरॉय म्हणाला फक्त बेट, आणि तेही तुमची कागदपत्रं नीट नाहीत म्हणून आत्ता नाही. मार्लबरो परत गेला. शिपमन आणि त्याची माणसं कुठे राहणार? सुरतेला मोगल राहू देईनात, मग गेले कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. तिथे पावसात, तापाने, उपासमारीने माणसं मेली, शिपमन स्वतः १६६४ ला गेला. चारशेतले शंभरच्या आसपास उरले. त्यांना घेऊन त्याचा सेक्रेटरी हम्फ्री कुक १८ फेब्रुवारी १६६५ ला मुंबईत उतरला आणि बेटाची मालकीण दोना इग्नेझ द मिरांडा हिच्या घरात ताब्याचा कागद झाला.

वसईची लेक ताई, तुमच्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. व्हाइसरॉयने वसई आणि साष्टी हट्टाने वाचवली कारण उत्तरेकडच्या त्यांच्या सगळ्या मुलखाचा कारभार वसईतून चालायचा, तिथे बड्या फिरंगी घराण्यांच्या जमिनी होत्या. मुंबई त्यांच्या दृष्टीने त्यातल्या त्यात देण्यासारखी. पण तो माणूस दूरदृष्टीचा होता, त्याने राजाला लिहून कळवलं की इंग्रज मुंबईत बसतील त्याच दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल. लिस्बनमध्ये त्या वेळी ऐकणार कोण, मोंतिश क्लारुशला अजून चार महिने होते.

आणि १६६८, फेब्रुवारीत तिकडे तह झाला आणि मार्चमध्ये चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली.

वसईची_लेक :

आजी नाहीये आता. असती तर वाचून दाखवलं असतं.

एक विचारते, त्या बेटावर जे कोळी, भंडारी, कुणबी, आमच्यासारखे ख्रिस्ती राहत होते त्यांचं काय? त्यांना कुणी काही विचारलं का?

गिरगावचा_पाऊस :

करारात एवढं होतं की तिथल्या लोकांना राहायची मुभा आणि कॅथलिक धर्म मोकळेपणी पाळायची मुभा. विचारलं मात्र कुणालाच नाही.

मांडवीकाठ :

सगळं वाचलं. अभ्यास चांगला आहे, पण मला गोंयकार म्हणून दोन शब्द बोलायचेत, राग मानू नका.

तुम्ही सगळे एल्वास, लुईझा राणी यात रमलात, मलाही लुईझा आवडली. पण ज्या देशाला शेजारच्या राजाचं राज्य साठ वर्षं सहन झालं नाही त्या देशाने आमच्यावर किती वर्षं राज्य केलं? साडेचारशे. स्वतःचे कायदे, स्वतःची भाषा, स्वतःचे अधिकारी हवेत म्हणून ते उठले, आणि त्याच वेळी गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चालू होतं, आणि १६८४ ला तर हुकूम निघाला की तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोला. म्हणजे नुकते स्वतंत्र झालेले लोक हे करत होते. हे मला कधी समजलं नाही आणि मी ते माफ करू शकत नाही.

आणि युद्धाची किंमत मुंबईएवढीच नाही हो. डचांची जहाजं १६३७ पासून वर्षामागून वर्षं पावसाळा संपला की मांडवीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची, गोव्याचं बंदर बंद. तिकडे लिस्बन स्पेनशी लढतंय म्हणून इकडे मदत नाही. मलाक्का १६४१ ला गेलं, कोलंबो १६५६, जाफना १६५८, कोची १६६३. गुप्त कलमात इंग्रज मदत करणार होते ना? कोची पडलं तेव्हा कुठे होते? सिलोनच्या त्या लढायांत गोव्यातून माणसं जायची, त्यातली किती घरी आली? त्यांची नावं लिस्बनच्या त्या स्तंभावर असतील का? नसणार.

पोपने मान्यता दिली नाही त्याचा पण परिणाम आमच्यावर, राजाने सुचवलेले बिशप रोम मान्य करीना, गोव्याची आर्चबिशपची खुर्ची वीसेक वर्षं रिकामी होती. त्याच काळात आमच्या दिवाडी बेटावरचा एक बामण ख्रिस्ती, मातेउश द कास्त्रू, त्याला गोव्याच्या पाद्रींनी डावललं म्हणून तो थेट रोमला गेला आणि १६३७ ला बिशप झाला, आदिलशाहीचा मुलूख त्याच्याकडे दिला. गोव्यातल्या फिरंग्यांना तो शेवटपर्यंत खुपला. त्याच्यावर कुणी धागा काढेल तर मी मदत करीन.

तोफखाना :

मांडवीकाठ, राग कसला. तुमचं म्हणणं बिनतोड आहे. मी लढाया लिहिताना हे डोक्यात नव्हतं हे कबूल करतो.

लिस्बनस्थ :

मी आज मुद्दाम जाऊन स्तंभ बघून आलो. तुमचं खरं आहे, युरोपातल्या लढायांची नावं आहेत, आणि ब्राझील आणि आफ्रिकेतली पण काही वाचल्यासारखी वाटली, आपल्याकडचं मला काही दिसलं नाही, अंधार पडला होता, परत एकदा दिवसा बघून सांगतो.

शंकासूर_कोकणचा :

मग गिरगावकर, धाग्याच्या नावातला तो आंदण शब्द तुम्ही अवतरणात टाकलात ते बरं केलंत. माझ्या मुलीला आता शाळेत हाच धडा आहे, काल तिला सांगितलं की बाई, लग्नात नाही दिली, लढाईसाठी विकली. तिने वहीत तसं लिहून नेलं.

गिरगावचा_पाऊस :

मांडवीकाठ, तुम्ही लिहिलंत ते मला लिहायला जमलं नसतं आणि ते या धाग्यात असायलाच हवं होतं. मी वाचत गेलो तेव्हा त्या छोट्या देशाच्या बाजूने होत गेलो, अजूनही आहे, एल्वासच्या शेतकऱ्यांच्या बाजूने तर आहेच. पण दोन्ही गोष्टी एकाच लोकांनी केल्या आणि मला त्यांची वजाबाकी करता येत नाही.

एक विचारायचं होतं. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान आहे ना, फिलिपच्या काळात बांधलेली, वर वास्को द गामाचा पुतळा. तिथे आत भिंतीवर पोर्तुगाल स्पेनपासून सुटल्याच्या आठवणीचा एक शिलालेख आहे असं वाचलंय, १६५६ चा, निष्कलंक मातेला वाहिलेला. म्हणजे लिस्बनस्थांनी लिहिलेली मुकुटाची गोष्ट आणि हा दगड एकच. तुम्ही तो पाहिलाय का?

मांडवीकाठ :

दिवाडीची फेरी त्या कमानीसमोरूनच सुटते. लहानपणी आजोळी जाताना शेकडो वेळा खालून गेलोय, पाऊस आला की तिथेच आडोशाला उभे राहायचो, त्या भिंतीला टेकून. दगडावर अक्षरं आहेत ते माहीत होतं, सायबिणीचं काहीतरी आहे असं आजी म्हणायची आणि हात जोडायची. स्वातंत्र्याचं आहे हे आज कळलं.

रविवारी जातोय तिकडे. वाचता आलं तर उतरवून घेईन, नाहीतर फोटो टाकतो, लिस्बनस्थांनी वाचून द्यावा.

लिस्बनस्थ :

नक्की टाका, जुनी पोर्तुगीज असली तरी इथे ऑफिसात विचारून देतो. त्याच माणसाला विचारीन.